कायदा एकच, मग रिपोर्ट फक्त जर्मनीलाच का लागतो?

प्रश्न : नमस्कार ताई, अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे, माल एक्सपोर्टरच्या थ्रू युरोपला जातो. जर्मनीचा बायर प्रत्येक लॉटला रंगाचा टेस्ट रिपोर्ट मागतो, दुसऱ्या एका देशाचा बायर मात्र काहीच विचारत नाही. युरोपात सगळीकडे कायदा एकच आहे ना? मग फक्त जर्मनीच्या मालाची टेस्ट केली तर चालेल का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : नाही चालणार दादा. कायदा एकच आहे हे खरं, रीच नावाचा, रसायनांवरचा, २००७ पासून लागू, आणि तो युरोपियन युनियनच्या २७ही देशांत थेट चालतो. अ‍ॅझो नावाच्या कृत्रिम रंगांपैकी काहींतून अमाइन्स नावाची घातक रसायनं सुटतात, त्यातल्या २२ अमाइन्सना किलोमागे ३० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, ती सगळीकडे तीच. पण दुकानातून नमुना उचलायचा, लॅबला पाठवायचा, दंड लावायचा, हे काम ज्या त्या देशाचं, आणि इन्स्पेक्टर किती, पैसा किती यावर सगळं येतं. जर्मनीनं तर हे रंग युनियनच्या आधीच, नव्वदच्या दशकात बंद केले होते, त्यामुळे तिथल्या बायरला रिपोर्टची सवयच आहे. आणि एका देशात माल पकडला की सेफ्टी गेट नावाच्या सिस्टीमवरून बाकीच्या देशांनाही कळतं, मग न विचारणारा बायरपण विचारायला लागतो.

काही कायदे तर थेट लागूच होत नाहीत, प्रत्येक देशानं आपल्याकडे ते आणायचे असतात, तिथं जास्त ढिलाई होते. उदाहरणार्थ, ग्रीसमध्ये क्रीट बेटावर एका ओढ्यात वर्षानुवर्षं कचरा टाकत होते, १९९२ मध्ये युरोपच्या कोर्टानं निकाल दिला तरी थांबेनात, शेवटी २००० साली दिवसाला २०,००० युरो दंड लागला. देशावर असा रोजचा दंड लावायची ती पहिलीच वेळ.

मला जास्त काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. धुलाईच्या केमिकलमध्ये एनपीई नावाचा पदार्थ असतो, पाण्यात गेला की त्याचं जे बनतं ते माशांना घातक. युरोपनं आपल्या कारखान्यांत तो आधीच बंद केला, पण बाहेरून आलेले कपडे घरोघरी धुतले की तो त्यांच्या नद्यांत जायचाच, म्हणून ३ फेब्रुवारी २०२१ पासून धुता येणाऱ्या कापडात वजनाच्या ०.०१ टक्क्याची मर्यादा आली. आता बघा, टॉवेलची पहिली धुलाई होते कुठं? आपल्याकडेच, प्रोसेस हाउसमध्ये, म्हणजे त्यातला बराचसा आपल्याच नाल्यात जातो आणि बायरचा रिपोर्ट फक्त कापड बघतो, नाला नाही.

तेव्हा टेस्ट सगळ्याच लॉटची करा, पण त्याआधी डाईंगवाल्याकडून रंगांची आणि धुलाईच्या केमिकलची लेखी यादी घ्या, एनपीई नाही असं सप्लायरकडून लिहून घ्या. असले अ‍ॅझो रंग आपल्याकडेही १९९७ पासून बंद आहेत, तेव्हा यादी मागायला जर्मनीचं नाव घ्यायची गरज नाही.