सहा महिन्यांच्या बाळाला घरच्या घरी फळांचं खाणं कसं करून द्यावं?

तुमचं बाळ नुकतंच सहा महिन्यांचं झालंय, उष्टावणही झालं. आता बाहेरचं काही न आणता घरीच फळं द्यायची आहेत. सासूबाई डाळिंबाच्या रसाने सुरुवात करा म्हणतात, मैत्रीण फळांच्या गराचे तयार पाउच सुचवते, आणि तुम्ही दोघींच्या मध्ये अडकलात. मी सोलापुरात अंगणवाडी सेविका होते, आता घरी नातीला सांभाळते. त्यामुळे जरा सविस्तर सांगते.

आधी डाळिंबाचं. आपल्या जिल्ह्यात हा सल्ला घरोघरी मिळतो आणि तो मायेपोटीच दिलेला असतो. सांगोला, पंढरपूर, मंगळवेढ्याकडच्या बागा, केगावचं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र, सोलापूर डाळिंबाला मिळालेलं भौगोलिक मानांकन. आपल्याला या फळाचा अभिमान आहेच. पण ‘लाल आहे म्हणून रक्त वाढतं’ हे काही खरं नाही. १०० ग्रॅम दाण्यांत लोह जेमतेम ०.३ मिलीग्रॅम असतं. शिवाय दाणे पिळून रस काढला की चोथा मागे राहतो आणि वाटीत येतं ते गोड पाणी. वर्षाच्या आत कुठल्याच फळाचा रस देऊ नये, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, ते याचसाठी.

यामागे पोटाचा हिशोब आहे. या वयात बाळाच्या पोटात एका वेळी वजनाच्या दर किलोमागे साधारण ३० मिलीलिटर मावतं. सात किलोचं बाळ म्हणजे दोनशे मिलीलिटरच्या आसपास. त्यातला मोठा वाटा आईच्या दुधाचा, आणि तो तसाच राहायला हवा. सहा ते आठ महिन्यांत दुधाशिवाय वरच्या खाण्यातून दिवसाला सुमारे २०० कॅलरी मिळायला हव्यात. एवढ्याशा पोटात पाणचट रस भरला तर जेवणाला जागाच उरत नाही. डाळीच्या वरच्या पाण्याचंही तेच. पाणी नको, खालची डाळ कुस्करून द्या.

म्हणून फळ द्यायचं ते गराचं, आणि घट्ट. चमचा तिरका केला तर गर लगेच ओघळता कामा नये, हळूच घसरला पाहिजे. पातळ करायची वेळ आलीच तर पाण्याऐवजी आईचं दूध काढून दोन चमचे घाला. चव बाळाच्या ओळखीची राहते आणि पोषणही कमी होत नाही.

सुरुवातीला केळ्यासारखं सोपं फळ नाही. शिजवायला नको, मिक्सर नको, आणि १०० ग्रॅमला साधारण ९० कॅलरी मिळतात. पपईत त्याच वजनाला ४० च्या आसपास. आपल्याकडे करमाळ्याच्या कंदर भागातली केळी परदेशात जातात, तेव्हा चांगलं केळं मिळायला अडचण नाही. सालीवर तपकिरी ठिपके आलेलं घ्या, हिरवट देठाचं नको. अर्धं केळं स्टीलच्या वाटीत घेऊन चमच्याच्या पाठीने कडेला दाबत दाबत कुस्करा. पहिले दोन-तीन दिवस अगदी गुळगुळीत, पुढे थोडे कण राहू द्या. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते: केळं सुरू केल्यावर शीमध्ये काळे बारीक दोरे दिसतात. जंत समजून किती आया घाबरून आमच्याकडे येत! ते केळ्याच्या मधल्या भागाचे धागे असतात, त्यात काही वाईट नाही.

सफरचंद मात्र कच्चं देऊ नका, किसूनही नको. साल आणि गाभा काढून फोडी करायच्या आणि इडलीपात्रात आठ-दहा मिनिटं वाफवायच्या. वेगळा गॅस जाळायचा नसेल तर रोजचा कुकर लावताना वरच्या डब्यात फोडी ठेवा, भाताबरोबर होऊन जातात. बोटाने दाबलं की फोड मोडली पाहिजे. खाली सुटलेलं पाणी फेकू नका, गर सैल करायला तेच वापरा. गर थोड्या वेळाने तपकिरी पडतो. ते हवेमुळे, नासल्यामुळे नव्हे.

चिकू निवडताना सालीवर नखाने हलकेच खरवडून बघा. खाली हिरवट दिसलं तर कच्चा आहे, त्याच्या चिकाने बाळाची जीभ चरचरते. पिवळट तपकिरी दिसला आणि बोटाला मऊ लागला की घ्या. त्याच्या बीला टोकाशी बारीक आकडा असतो, म्हणून बिया मोजून बाजूला काढा आणि गर चाळणीतून दाबून घ्या. पेरूही असाच: वाफवून चाळणीतून काढायचा, बिया वर राहतात, सायीसारखा गर खाली येतो. क जीवनसत्त्वाच्या बाबतीत पेरू संत्र्यालाही मागे टाकतो.

पावसाळ्याच्या शेवटी बार्शीकडून सीताफळं येतात. ती द्या, पण मिक्सरमध्ये कधीही फिरवू नका. सीताफळाची बी विषारी असते, ती फुटून गरात मिसळता कामा नये. स्वच्छ धुतलेल्या हाताने एकेक पाकळी दाबून बी काढा. जरा वेळ लागतो, पण दुसरा मार्ग नाही.

आंबा उन्हाळ्यात द्यायला हरकत नाही. देठाकडचा चीक तोंडाभोवती लागला तर पुरळ येतं, म्हणून आंबा आधी पाण्यात ठेवून देठ कापून टाका, नीट धुवा आणि मग सोला. कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला कायद्याने बंदी आहे, पण मंडईत कुठला आंबा कसा पिकलाय हे आपल्याला डोळ्यांनी कळत नाही. कडक आंबे आणून घरी अढी घालायची, हे मला सगळ्यात बरं वाटतं.

एका वेळी एकच नवं फळ, आणि तीन दिवस तेच. म्हणजे काही अंगावर उठलं तर कशाने ते कळतं. आंबट फळाने हनुवटीपाशी जरा लाली आली तर ओल्या फडक्याने पुसा, ती उतरते. पण अंगभर गांध्या, ओठांना सूज, वारंवार उलटी किंवा दम लागणं यातलं काहीही दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका, लगेच दवाखाना गाठा.

किती द्यायचं? पहिल्या आठवड्यात दोन-तीन चमचे, दिवसातून दोनदा. मग हळूहळू वाढवत आठव्या महिन्यापर्यंत एका वेळी साधारण अर्धी वाटी, दिवसाला दोन-तीन वेळा. यातलं प्रत्येक वेळचं खाणं फळाचं नको, एखादंच असू दे. हे मी मुद्दाम ठासून सांगते. कारण फळ गोड असतं, बाळ आनंदाने खातं आणि आईला वाटतं पोट भरलं. पण सहा महिन्यांनंतर बाळाच्या अंगातला लोहाचा साठा उतरणीला लागतो आणि फळांतून तो भरून निघत नाही. त्याला नाचणी, ज्वारी, डाळी, पालेभाजी, आणि घरात चालत असेल तर अंड्याचं पिवळं हवं. फळाचं खरं काम यांच्या शेजारी आहे. पेरू किंवा पपईतल्या क जीवनसत्त्वामुळे धान्याडाळीतलं लोह अंगी लागायला मदत होते.

माझ्या नातीचं आवडतं खाणं सांगते. नागपंचमीला ज्वारीच्या लाह्या होतातच, त्या जरा जास्त करून मिक्सरमध्ये बारीक दळून डब्यात भरून ठेवायच्या. दोन चमचे लाह्यांचं पीठ, कुस्करलेलं अर्धं केळं, अर्धा चमचा तूप, आणि उकळून कोमट केलेलं पाणी किंवा आईचं दूध. पीठ ओलावा पटकन ओढून घेतं, म्हणून कालवून दोन मिनिटं थांबा आणि मग सैल करा. दाण्याचं कूट तर आपल्या प्रत्येक घरात असतं. भाजलेल्या दाण्यांचं अगदी मैद्यासारखं बारीक केलेलं कूट पाव चमचा यात चालतं. शेंगदाणा पहिल्या वर्षात बेताने सुरू केला तर पुढे त्याची ॲलर्जी होण्याची शक्यता कमी होते, असं आता डॉक्टरही सांगतात. बाळाला अंगभर इसब असेल तर मात्र आधी विचारून घ्या.

साखर, गूळ, मीठ वर्षभर नको. मध तर अजिबात नको, उष्टावणाला जिभेवर टेकवायलासुद्धा. त्यात बोट्युलिझम नावाच्या आजाराचे जंतू सुप्त रूपात असू शकतात. मोठ्यांना ते पचतात, तान्ह्या बाळाला जिवावर बेतू शकतात. मध उकळूनही ते जात नाहीत.

आता आपल्या गावच्या दोन गोष्टी, ज्या पुण्या-मुंबईच्या सल्ल्यात सापडत नाहीत. पहिली पाण्याची. आपल्याकडे पाणी रोज येत नाही, साठवावं लागतं, आणि साठवलेल्या पाण्यात हात, तांब्या, पेला सगळं बुडतं. बाळासाठी वेगळं पाणी ठेवा: खळखळून उकळी आल्यावर निदान एक मिनिट उकळू द्या, त्याच भांड्यात झाकून गार करा आणि ओतून घ्या, आत काही बुडवू नका. फळ धुवायचं ते सोलायच्या आधी. सुरी सालीवरची घाण आत नेते, म्हणून नंतर धुऊन उपयोग नसतो. हात साबणाने, आणि बाळाचेही.

दुसरी गोष्ट उन्हाची. कुस्करलेलं फळ एरवी बाहेर दोन तास चालतं, पण बत्तीस अंशांच्या वर तापमान गेलं की एकच तास. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दुपारी चाळिशी असते, तेव्हा लागेल तेवढंच करा. जास्त झालंच तर बाळाला भरवायच्या आधी अर्धं स्वच्छ डब्यात काढून फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशीपर्यंत संपवा. बाळाचा उष्टा चमचा लागलेली वाटी पुन्हा ठेवायची नाही, लाळेमुळे ते लवकर नासतं. सफरचंदाचा गर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून महिनाभर वापरता येतो. पण वीज बराच वेळ जाऊन गर सुटला असेल तर पुन्हा गोठवू नका.

घशात अडकण्याचं भय मात्र कायम मनात असू द्या. अख्खं द्राक्ष, डाळिंबाचे दाणे, बोर, बेदाणा, कच्च्या सफरचंदाची फोड, यातलं काहीही बाळाच्या हाती लागू देऊ नका. द्राक्षं दिवाळीनंतर औषध मारूनच वाढवलेली असतात, ती वाहत्या पाण्यात चोळून धुवा. नऊ-दहा महिन्यांनंतर साल-बी काढून उभे चार तुकडे करून द्या, आडवे गोल काप करू नका. संक्रांतीत बोरन्हाण कराल तेव्हा बोरं, ऊस, हलवा, चुरमुरे डोक्यावरून ओतले जातात आणि बाळ तेच उचलून तोंडात घालतं. जवळ एकीने फक्त बाळाच्या हाताकडे बघत बसावं. खाताना बाळ खोकलं, ओकारीसारखं केलं तर घाबरू नका, ते शिकतंय. पण आवाजच येत नसेल, रडता येत नसेल, ओठ निळे पडत असतील, तर बाळाला हातावर पालथं घ्या, डोकं खाली ठेवा आणि दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच थापा जोरात द्या. दुसऱ्याला १०८ लावायला सांगा. तोंडात आंधळेपणाने बोट घालू नका.

पाउचबद्दल माझं मत स्पष्ट आहे: प्रवासात एखादा ठीक, रोजचा नको. त्यातला गर एकसारखा गुळगुळीत असतो, चोखत राहिल्याने चावायची सवय लागत नाही. घेतलाच तर साखर आणि ‘कॉन्सन्ट्रेट’ (म्हणजे आटवलेला रस) हे शब्द मागच्या बाजूला नाहीत ना ते बघा आणि पाउच चमच्यात पिळून भरवा. आपल्या देशात दोन वर्षांखालच्या बाळांच्या तयार खाण्याची जाहिरात करायला १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, हेही मैत्रिणीला सांगा. आणि गर बाटलीत भरून बुचाचं भोक मोठं करायचा प्रकार काही घरांत चालतो, तो नक्कीच टाळा.

सासूबाईंशी वाद घालू नका. डाळिंबाचे दाणे त्यांनाच सोलायला द्या, चाळणीवर दाबून निघालेले दोन चमचे लाह्यांच्या पिठात कालवायला सांगा आणि पहिला घास त्यांच्याच हातून भरवा. वेगळा रस म्हणून पेल्यात नको, एवढंच समजावून सांगा. बाळाने तोंड फिरवलं तर तेवढ्यावर थांबा. नवी चव आठ-दहा वेळा समोर आल्यावरच पसंत पडते.

आणि लोहाचं औषध विसरू नका. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत आठवड्यातून दोनदा १ मिलीलिटर द्यायचं ते सिरप सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतं. बाळ कमी वजनाचं किंवा महिने भरायच्या आधी जन्मलेलं असेल तर त्याचं प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या. नाहीतर पुढच्या लसीला जाल तेव्हा आशाताईंकडे बाटली मागा.