परीक्षेची तारीखही आपल्या हातात नसते, तेव्हा काय धरावे आणि काय सोडावे?

ध्येय न सोडता निकालाची काळजी कशी सोडावी, असे आपण विचारले आहे. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा परीक्षेच्या तयारीचे उदाहरण घेतो. २०२४ ची पूर्व परीक्षा २५ ऑगस्टला ठरली होती; त्याच दिवशी बँकभरतीची परीक्षा आल्याने पुण्यात उमेदवारांनी आंदोलन केले, आयोगाने परीक्षा पुढे ढकलली आणि ती अखेर १ डिसेंबरला झाली. ज्यांनी उजळणीचे सारे वेळापत्रक त्या एका तारखेला बांधले होते, त्यांची घडी विस्कटणे साहजिकच होते.

तारीख, जागांची संख्या आणि कट-ऑफ (पुढच्या टप्प्यासाठी लागणारे किमान गुण) यांपैकी काहीही उमेदवाराच्या हातात नसते, तरी चहाच्या टपरीवर कट-ऑफच्या अंदाजांत तासन्‌तास जातात. (त्या अंदाजांनी कोणाचा एक गुणही वाढल्याचे ऐकिवात नाही.) हातात असते ते असे: घड्याळ लावून जुनी प्रश्नपत्रिका सोडवणे, चुकलेला प्रत्येक प्रश्न वहीत उतरवून तो माहितीअभावी चुकला की घाईने हे लिहिणे, आणि चुकीच्या उत्तरामागे पाव हिश्शाने गुण कापले जातात हे ध्यानात ठेवून कोणता प्रश्न सोडून द्यायचा याचा सराव करणे. माझ्या मते आठवड्याचे उद्दिष्टही गुणांत न मांडता अशा कामांतच मांडावे.

किती वर्षे द्यायची, हे मात्र निकालाच्या दिवशी ठरवू नये. ते तयारीच्या आरंभीच घरच्यांशी बोलून ठरवावे आणि लिहून ठेवावे.