पट्टी चांगली, पण कॅसेट अडवते
वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

रक्त, लघवी किंवा नाकातला स्राव तपासणाऱ्या, एकदा वापरून टाकून द्यायच्या कॅसेट आणि कार्ट्रिज यांविषयी कोल्हापूर परिसरातून आलेले प्रश्न या वेळी घेतले आहेत. बहुतेक प्रश्न कारखानदारांचे आहेत. त्यामुळे रसायनापेक्षा प्लास्टिक, पोलाद आणि हवा यांवर जास्त बोललो आहोत. या कामात बिघाड बहुतेक वेळा तिथेच होतो.

प्रश्न : गिऱ्हाईकाने बाजारातली रॅपिड टेस्टची कॅसेट आणून दिली. मापे घेऊन चार कॅव्हिटीचा (एका वेळी चार नग काढणारा) मोल्ड म्हणजे पोलादी साचा केला. कॅसेट बाहेरून हुबेहूब आहे. पण पट्टी घालून तपासलं की काहींत द्रव मेम्ब्रेनच्या (पट्टीवरच्या सच्छिद्र पडद्याच्या) वरून वाहतो, काहींत मध्येच अडतो. पट्ट्या एकाच लॉटच्या आहेत. चूक कुठे आहे?
– टूलरूम चालक, शिवाजी उद्यमनगर

चूक बहुधा वरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला आहे.

आधी पट्टी कशी असते ते पाहा. पाठीला चिकट कार्ड असतं. त्यावर चार तुकडे ओळीने बसवलेले असतात : थेंब झेलणारा सॅम्पल पॅड, रेघेला रंग देणारे सोन्याचे अतिसूक्ष्म कण वाळवून ठेवलेला काँज्युगेट पॅड, नायट्रोसेल्युलोजचं मेम्ब्रेन आणि शेवटी शोषक पॅड. प्रत्येक तुकडा शेजारच्यावर साधारण १ ते २ मि.मी. चढलेला असतो आणि द्रव पुढे सरकतो तो एवढ्याच जोडातून. झाकणाला आतून ज्या आडव्या कडा असतात, ते प्रेशर बार. त्यांनी हे जोड नेमके दाबून धरायचे असतात. दाब कमी पडला तर दोन तुकड्यांत फट राहते, तिथे द्रव साचतो आणि मेम्ब्रेनच्या आतून जाण्याऐवजी वरून लोंढ्यासारखा सुटतो. दाब जास्त झाला तर छिद्रं चेपतात आणि प्रवाह थांबतो. तुमच्याकडे दोन्ही दोष एकाच वेळी दिसतात, याचा अर्थ चार कॅव्हिटींतल्या बारची उंची सारखी नाही, किंवा झाकण प्रत्येक वेळी सारखं बसत नाही.

कोणतं कारण आहे ते असं शोधा. कॅव्हिटीला १ ते ४ क्रमांक कोरलेले नसतील तर आधी कोरा. प्रत्येक क्रमांकाच्या वीस कॅसेट घेऊन एकाच माणसाकडून चाचणी लावा. दोष ठरावीक क्रमांकालाच चिकटून राहिला तर पोलाद दुरुस्त करायचं. चारही क्रमांकांत विखुरला तर जोडणी तपासायची. बार प्रत्यक्षात किती दाबतो हे पाहायला पट्टीऐवजी मॉडेलिंग क्लेची पातळ पट्टी ठेवून कॅसेट बंद करा, उघडा, आणि दबलेल्या जागेची जाडी मोजा. कॅलिपर जिथे पोचत नाही तिथलं माप असं हातात येतं.

बाजारातली कॅसेट मोजून केलेला मोल्ड इथेच फसतो, कारण ती कॅसेट दुसऱ्या पट्टीसाठी केलेली असते. पॅडची जाडी कंपनीगणिक बदलते. शोषक पॅड कुणाचा पाऊण मिलिमीटरचा असतो, कुणाचा सव्वाचा. म्हणून गिऱ्हाईकाकडे कॅसेटचा नमुना मागण्याआधी त्याच्या पट्टीच्या प्रत्येक थराची जाडी आणि तिचा कमीजास्तपणा लेखी मागा.

दुरुस्तीचा क्रमही लक्षात घ्या. प्लास्टिकवरचा बार म्हणजे पोलादातली खाच. खाच खोल करता येते, उथळ करायची तर वेल्डिंग तरी करावं लागतं किंवा इन्सर्ट, म्हणजे मोल्डमधला सुटा तुकडा, बदलावा लागतो. म्हणून सुरुवातीला बार मुद्दाम बुटका ठेवा आणि चाचणी घेत ०.०५ मि.मी.च्या पायरीने वाढवा. बारची जागा स्वतंत्र इन्सर्टवर केली असेल तर हे काम एका दिवसात होतं. पहिल्याच मोल्डमध्ये इन्सर्ट नसणं ही या धंद्यातली सर्वांत महागडी काटकसर आहे.

आणखी तीन जागा तपासा. पट्टी ४ मि.मी. रुंद असेल तर तिची खोबण ४.२ ते ४.३ ठेवा. भिंत पट्टीच्या कडेला चिकटली की तिथे केशाकर्षण (अरुंद फटीत द्रव आपोआप ओढला जाणं) सुरू होतं आणि द्रव कडेकडेने पुढे पळतो. निकालाच्या खिडकीची कड मेम्ब्रेनला कुठेही टेकता कामा नये. याउलट थेंब टाकायच्या विहिरीची खालची कड सॅम्पल पॅडवर घट्ट बसलीच पाहिजे, नाहीतर थेंब पॅडमध्ये न शिरता बाजूने कॅसेटच्या पोटात पसरतो.

जोडणी हाताच्या अंगठ्याने करत असाल तर आजच थांबवा. झाकणाच्या पिना किती खोल गेल्या यावर बारचा दाब ठरतो. साधा टॉगल प्रेस (दांड्याने दाबायचा हातप्रेस) घ्या, पण ठरलेल्या खोलीवर थांबवणारा पक्का स्टॉप त्याला लावा.

चाचणी आधी खाण्याच्या रंगाच्या पाण्याने करायला हरकत नाही. निर्णय मात्र गिऱ्हाईकाच्या खऱ्या बफरवरच (किटमधल्या द्रावणावरच) घ्या. त्यात सर्फॅक्टंट, म्हणजे साबणासारखं पृष्ठताण कमी करणारं रसायन असतं, म्हणून ते पाण्यापेक्षा वेगळं वाहतं.

प्रश्न : आमच्याकडे इंजेक्शन मोल्डिंगची मशीन आहेत, आजवर घरगुती आणि ऑटोचे पार्ट केले. कार्ट्रिजसाठी प्लास्टिकचा दाणा कोणता घ्यावा? रनर (नगासोबत साच्यातून निघणारी प्लास्टिकची काडी) दळून परत वापरला तर चालेल का?
– मोल्डिंग कारखानदार, शिरोली एमआयडीसी

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी : नमुना किंवा रसायन ज्या भागाला लागतं त्यात दळलेला माल नको. पुन्हा तापलेल्या दाण्यात काळे ठिपके येतात, पिना ठिसूळ होतात, आणि उद्या निकाल चुकला तर कोणत्या लॉटचा दाणा होता हे सांगता येत नाही. सिलिकॉनचा मोल्ड रिलीज स्प्रे तर त्या मशीनच्या आसपासही ठेवू नका. त्याचा अदृश्य थर पाण्याला दूर लोटतो, चिकटटेप धरू देत नाही, आणि धुऊन पुरता निघत नाही. पार्ट अडकत असेल तर ड्राफ्ट (साच्याच्या भिंतींचा उतार) १ ते २ अंश द्या, पॉलिश सुधारा.

दाण्याचं कामाप्रमाणे ठरतं. पट्टीच्या साध्या कॅसेटला हाय इम्पॅक्ट पॉलिस्टायरीन किंवा एबीएस पुरतं. आतून द्रव वाहणाऱ्या, पारदर्शक कार्ट्रिजला अॅक्रिलिक, पॉलिकार्बोनेट किंवा सायक्लिक ओलेफिन. फ्लुओरेसन्सने (प्रकाश टाकल्यावर रसायन देतं त्या चमकेवरून) वाचायचं असेल तर सायक्लिक ओलेफिनला जास्त पैसे मोजणं योग्य, कारण पॉलिकार्बोनेट आणि पॉलिस्टायरीन स्वतःच थोडे चमकतात आणि क्षीण सिग्नल त्यात बुडतो. अॅक्रिलिक सुमारे ८० अंशांवर, पॉलिकार्बोनेट १२० अंशांवर तीन-चार तास सुकवल्याशिवाय हॉपरमध्ये टाकू नका. पावसाळ्यात सुकवलेला दाणा उघड्या हॉपरमध्ये पडून राहिला तरी पुन्हा ओल धरतो आणि पार्टवर चंदेरी रेघा येतात.

ऑटोच्या पार्टमध्ये ०.२ मि.मी.चा बाक कुणी विचारत नाही. इथे द्रव वाहणारी वाहिनीच एवढी खोल असते. भिंतींची जाडी सारखी ठेवा, गेट (प्लास्टिक साच्यात शिरण्याची जागा) वाहिनीपासून दूर ठेवा, पार्ट बाहेर ढकलणाऱ्या इजेक्टर पिनेचा ठसा सीलच्या जागी येऊ देऊ नका. अल्ट्रासॉनिक वेल्डिंग (कंपनांनी प्लास्टिक वितळवून जोडणं) करणार असाल तर एनर्जी डायरेक्टर (वितळून जोड करणारी बारीक कड) आणि वाहिनी यांच्यामध्ये वितळलेलं प्लास्टिक झेलणारी छोटी खाच हवीच, नाहीतर तोच गोळा वाहिनीत उतरतो.

प्रश्न : लेझरने अॅक्रिलिक कापून रक्ततपासणीचं कार्ट्रिज करतो आहोत. वाहिनी ५०० मायक्रॉन रुंद, २०० खोल, ५० मि.मी. लांब. पाणी जातं, रक्त मध्येच थांबतं. चेंबरमध्ये बुडबुडा अडकतो. काही तुकड्यांना आपोआप बारीक तडे गेले.
– अभियांत्रिकीचे विद्यार्थी, विद्यापीठ परिसर

तुमच्या तीन तक्रारींची तीन वेगळी कारणं आहेत.

तडे अल्कोहोलमुळे. लेझरने कापलेल्या कडेत ताण साठलेला असतो. त्यावर आयसोप्रोपिल किंवा स्पिरिटचा बोळा फिरवला की तडे जातात. कापल्यानंतर तुकडे सपाट काचेवर ठेवून ८० अंशांच्या ओव्हनमध्ये काही तास ठेवा, ओव्हनमध्येच हळूहळू थंड होऊ द्या, आणि सौम्य साबणाच्या पाण्याने धुवा.

रक्त थांबण्याचं कारण गणितात दिसतं. एक घन मिलिमीटर म्हणजे एक मायक्रोलिटर, म्हणून ०.५ × ०.२ × ५० धरता तुमच्या वाहिनीत ५ मायक्रोलिटर मावतात. द्रव ओढणारा केशाकर्षणाचा दाब पृष्ठताण, स्पर्शकोन (थेंबाची कड पृष्ठभागाशी करते तो कोन; जितका लहान, तितका द्रव सहज पसरतो) आणि वाहिनीची मापे यांवर ठरतो. पाणी आणि ६० अंशांचा स्पर्शकोन धरला तर तुमच्या वाहिनीत तो सुमारे ५०० पास्कल येतो, म्हणजे पाण्याचा जेमतेम ५ सेंटिमीटरचा स्तंभ. पण नुसत्या अॅक्रिलिकचा कोन ७० अंशांच्या आसपास असतो. त्यातच वाहिनीवर चिकटवलेल्या टेपचा कोन ९० च्या वर असेल तर चारपैकी एक भिंत उलटी ढकलते. पाणी एवढ्यावरही निभावून नेतं. रक्त पाण्याच्या तीन-चार पट दाट, त्याचा पृष्ठताणही कमी. तेवढंच अंतर कापायला त्याला चौपटीहून जास्त वेळ लागतो, आणि बोटातून घेतलेलं रक्त तोवर गोठू लागतं.

उपाय करताना क्रम पाळा. आधी टेप बदला, पाण्याला जवळ करणारी हायड्रोफिलिक टेप मिळते, बहुतेक वेळा तिनेच काम होतं. मग वाहिनीत ०.०५ टक्के ट्वीन-२० या सर्फॅक्टंटचं द्रावण फिरवून वाळवा. पण तुमच्या तपासणीवर त्याचा परिणाम होतो का, ते मोजायचा पदार्थच नसलेल्या रिकाम्या नमुन्यावर पाहून घ्या. प्रवेशापाशी रक्त गोठू न देणारं ईडीटीए वाळवून ठेवा. मात्र कॅल्शियम मोजणारी तपासणी असेल तर ईडीटीए चालत नाही, हेपारिन घ्यावं लागतं. प्लाझ्मा मशीनने (रक्तातला प्लाझ्मा नव्हे, विद्युतभारित वायू) पृष्ठभाग सुधारणं प्रयोगशाळेत छान दिसतं, पण प्लास्टिकवरचा तो गुण दिवसागणिक उतरतो. कार्ट्रिज वर्षभर कपाटात राहणार असेल तर त्याच्या भरवशावर राहू नका.

बुडबुड्याचं असं आहे. अरुंद वाहिनीतून द्रव रुंद चेंबरमध्ये आला की तो भिंतींना धरून पुढे धावतो, दोन्ही बाजूंनी पलीकडच्या तोंडाशी मिळतो, आणि मधली हवा कोंडली जाते. चौकोनी चेंबर काढून टाका. पानाच्या किंवा होडीच्या आकाराचा करा, दोन्ही टोकं निमुळती, कोपऱ्यांना किमान अर्ध्या मिलिमीटरची गोलाई, आणि हवा जाण्याचं छिद्र सर्वांत शेवटी भरणाऱ्या जागी. त्यावर पीटीएफई या पाणी न धरणाऱ्या प्लास्टिकचं मेम्ब्रेन लावलं तर हवा जाते, द्रव अडतो. छिद्र नसलेली वाहिनी भरत नाही. हे सोपं वाटतं, पण चिकटटेप लावताना छिद्रच झाकलं गेल्याचं फार वेळा निघतं. तोही एक ठरावीक तपासणीबिंदू करा.

लेझरने कोरलेली वाहिनी तळाशी व्ही आकाराची आणि खरखरीत होते. आकारमान पक्कं हवं असेल तर ०.२ मि.मी.ची दोन्ही बाजूंनी चिकट फिल्म आरपार कापा आणि दोन सपाट तुकड्यांमध्ये घाला. खोली फिल्मच्या जाडीएवढीच राहते आणि नवा आराखडा तासाभरात हातात येतो. मोल्डचा विचार त्यानंतर.

प्रश्न : आम्ही फक्त रिकामी कॅसेट पुरवणार, किट दुसरी कंपनी करणार. परवाना कुणाचा?
– लघुउद्योजक, इचलकरंजी

तपासणी किटचा परवाना किट बनवणाऱ्याचा. वैद्यकीय उपकरण नियम २०१७, जे १ जानेवारी २०१८ पासून लागू आहेत, त्यांत जोखमीनुसार ए ते डी असे चार वर्ग आहेत. ए आणि बी वर्गाच्या उत्पादनाचा परवाना राज्याकडून, म्हणजे आपल्याकडे अन्न व औषध प्रशासनाकडून मिळतो. सी आणि डी वर्गाचा केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेकडून. एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बीचे किट डी वर्गात मोडतात. चाचणीपुरते थोडे किट बनवायलाही एमडी-१३ ही परवानगी लागते, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

तुमच्यापर्यंत हे करारातून पोचेल. आयएसओ १३४८५ या वैद्यकीय उपकरणांच्या गुणवत्ता मानकाप्रमाणे चालणारी कंपनी तुमच्याकडे दाण्याचा लॉट, मशीनची सेटिंग, कॅव्हिटी क्रमांक यांच्या नोंदी मागेल आणि तपासायलाही येईल. दाणा, रंग किंवा मोल्ड न कळवता बदलायचा नाही, हे कलम मनापासून पाळा. नोंदवही पहिल्या शॉटपासून, म्हणजे मोल्डमधून निघालेल्या पहिल्या नगापासून ठेवा.

प्रश्न : पावसाळ्यात एकाच खोक्यातल्या काही किटमध्ये कंट्रोलची रेघ (चाचणी नीट चालल्याची खूण) फिकी येते आणि मागची जागा गुलाबी राहते. किट खराब की आमची पद्धत?
– पॅथॉलॉजी लॅबमधील तंत्रज्ञ, गडहिंग्लज

दोन्ही शक्य आहे, आणि मूळ बहुधा ओल. काँज्युगेट पॅडवर सोन्याचे कण साखरेच्या थरात वाळवलेले असतात. तो थर ओल शोषतो, कण एकमेकांना चिकटतात, थेंब पडल्यावर नीट सुटत नाहीत. मग रेघ फिकी आणि मागे गुलाबी ओढ.

तुमच्या हातातलं आधी पाहा. किट फ्रिजमध्ये ठेवत असाल तर पाकीट बंदच ठेवून अर्धा तास बाहेर राहू द्या. गार कॅसेट दमट हवेत उघडली की तिच्यावर दव धरतं. सकाळी दहा पाकिटं फोडून ओळीने मांडून ठेवायची सवय असेल तर ती मोडा. रुग्णाचं नाव लिहून झालं की मगच पाकीट फाडा. निकाल किटसोबतच्या पत्रकात लिहिलेल्या वेळेतच वाचा. मेम्ब्रेनमध्ये स्वतःमध्ये जेमतेम १० मायक्रोलिटर मावतात, बाकीचा सगळा द्रव शोषक पॅडने ओढायचा असतो. पॅड भरला आणि वरून सुकू लागला की रंग मागे फिरतो, आणि नसलेली रेघ दिसू लागते. थेंबही मोजून : तीन सांगितले असतील तर चार नकोत, आणि ड्रॉपर उभा धरा, तिरका धरला की थेंबाचा आकार बदलतो.

एवढं करूनही तसंच घडलं तर पाकीट तपासा. सीलमध्ये सुरकुती किंवा कोपऱ्यात टाचणीएवढं छिद्र आहे का, उजेडासमोर धरून पाहा. ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी रंग बदलणारी असेल तर तिचा रंग बघा. कंट्रोलची रेघ आलीच नाही तर निकाल बाद, रुग्णाला दुसऱ्या किटवर तपासा. फिकी का होईना आली असेल तर पत्रकात काय म्हटलंय ते वाचा. त्याच खोक्यातली न उघडलेली दोन पाकिटं बाजूला ठेवा, बिघडलेल्या कॅसेटचा वेळेतच फोटो काढा, आणि लॉट क्रमांकासह उत्पादकाला लेखी कळवा. लॉट क्रमांक नसलेल्या तक्रारीवर उत्पादकाला काहीच शोधता येत नाही, म्हणून किट संपेपर्यंत खोकं फेकू नका.