विहिरीचे पाणी कोणी नासवले, हे भूवैज्ञानिक कसे शोधतो?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. प्रदूषणाच्या खटल्यात फॉरेन्सिक पर्यावरण भूवैज्ञानिक नेमके काय करतो, हा पहिला प्रश्न. आणि गळीत हंगामात आपल्या विहिरीचे पाणी तांबूस होते ते शेजारच्या कारखान्यामुळेच, हे सिद्ध करता येईल का, हा दुसरा. मी कोल्हापुरात राहून बरीच वर्षे हेच काम करत आलो आहे, म्हणून दोन्हींचे उत्तर मी पाहिलेल्या एका प्रकरणाच्या आधारे देतो.

पाणी पिण्याजोगे आहे की नाही, हे प्रयोगशाळा सांगते. नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅमच्या वर गेले की भारतीय मानक 10500 प्रमाणे ते पाणी नापास. त्यासाठी भूवैज्ञानिक लागत नाही. ती घाण कोणाची, ती कोणत्या वाटेने आली आणि केव्हापासून येते आहे, हे जमिनीखालून शोधून शपथेवर मांडणे हे आमचे काम. तक्रार घेऊन येणाऱ्याला ‘कोणाची’ याचे उत्तर बहुधा आधीच ठाऊक असते. ‘कोणत्या वाटेने’ हे मात्र कोणी विचारत नाही, आणि मी पाहिलेले बहुतेक कच्चे दावे तिथेच कोसळले.

करवीर तालुक्यातल्या एका गावात असेच झाले होते. ऊस शेतातली जुनी विहीर, पाणी काळ्या चहाच्या रंगाचे, वास आंबूस. रस्त्यापलीकडे उत्तरेला मद्यार्काचा प्रकल्प आणि त्याचे सांडपाणी साठवण्याचे तलाव. तलाव गळतो, हे गावाने ठरवून टाकले होते. मी पोचलो तेव्हा कुंपणालगत दोन ठिकाणी खणून झाले होते, काहीच सापडले नव्हते, आणि समोरची बाजू निर्धास्त झाली होती.

मी तीन विहिरी निवडल्या: तक्रारदाराची, उत्तरेला कारखान्याजवळची आणि पश्चिमेला माळाकडची. डंपी लेव्हल हे उंची मोजण्याचे दुर्बिणीचे यंत्र लावून तिन्ही कठड्यांची उंची एकमेकींशी जुळवून घेतली. मग स्टीलच्या टेपच्या टोकाला खडू फासून ती आत सोडली आणि कठड्यापासून पाणी किती खोल आहे, हे ओल्या खडूच्या रेषेवरून मोजले. हे मोजमाप लाइट येण्याच्या आधी करावे लागते, कारण एकदा थ्री-फेज आली आणि शेजारपाजारच्या मोटारी सुरू झाल्या की पातळ्या तासाभरात बदलतात व पाणी भलत्याच दिशेने वाहते असे दिसू लागते. त्या आठवड्यात शेतीची लाइट रात्रपाळीची होती, म्हणून आम्ही दुपारी, मोटारी थांबून बराच वेळ गेल्यावर, सलग तीन दिवस मोजले. कारखान्याकडची पातळी तक्रारदाराच्या विहिरीपेक्षा खाली निघाली आणि माळाकडची वर. म्हणजे पाणी उत्तरेकडून येतच नव्हते. ते पश्चिमेकडून येत होते.

पश्चिमेला बंद पडलेली दगडखाण होती. तिच्या भिंतीत वर मुरूम, खाली सच्छिद्र काळा दगड आणि त्याच्या तळाशी विटकरी मातीचा हातभर जाड थर स्पष्ट दिसत होता. लाव्ह्याच्या दोन थरांमधला हा तांबडा थर चिकणमातीचा असतो. पाणी त्याच्यातून सहसा खाली उतरत नाही, त्याच्या पाठीवरून उताराने सरकते. तोच थर विहिरीच्या बांधकामाखाली उघड्या दगडात पुन्हा दिसला, आणि काळपट झरा बरोबर त्याच्या वरून सुटला होता. मी तिथे बोट लावले तेव्हा बोटाला मळीचा वास आला.

आता ‘कोणाची’ हा प्रश्न. आपल्या काळ्या दगडातल्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट भरपूर असते, पोटॅशियम मात्र बहुधा लिटरला काही मिलिग्रॅमच. मळीपासून मद्यार्क काढल्यावर उरणाऱ्या द्रवात, ज्याला आपल्याकडे सगळे स्पेंट वॉशच म्हणतात, ते हजारो मिलिग्रॅम असते. उसाने जमिनीतून उचललेले पोटॅश मळीत उतरते आणि मळीतून त्या द्रवात. उसाला घातलेल्या पोटॅश खतामुळे ते वाढले, असा बचाव येणारच, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. म्हणून तेच पीक, तेच खत आणि तीच माती असलेली, पण खाणीच्या प्रवाहाबाहेरची विहीर तुलनेसाठी घ्यावी लागते. तिथे पोटॅशियम नेहमीइतकेच होते आणि पाणी नितळ होते. ही चौथी विहीर नसती तर माझे मत मी दिलेच नसते.

प्रत्येक घाणीची ओळख वेगळी असते. इचलकरंजीच्या प्रोसेसमधून, म्हणजे कापड रंगवण्याच्या कारखान्यांतून, सुटणाऱ्या पाण्यात रंगाईच्या मिठामुळे सोडियम, क्लोराइड आणि सल्फेट वाढते, मैलापाण्यात नायट्रेट आणि क्लोराइड, तर फाउंड्रीच्या टाकाऊ वाळूत रेझिनमुळे फिनॉल सापडू शकतो. नायट्रेट खताचे की मैल्याचे, हे नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून, म्हणजे त्यांच्या हलक्या-जड अणूंच्या प्रमाणावरून, बऱ्याच अंशी ओळखता येते.

काळाचा प्रश्न कायद्यामुळे महत्त्वाचा ठरतो. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात, ज्याचे पश्चिम विभागाचे पीठ पुण्यात आहे, वादाचा अर्ज कारण प्रथम घडल्यापासून 6 महिन्यांत आणि नुकसानभरपाईचा 5 वर्षांत करावा लागतो. दोन्हींना फार तर 60 दिवसांची सवलत मिळू शकते. आमच्या प्रकरणात खाणीतले पाणी काळे कधी झाले, हे जुन्या उपग्रहचित्रांवरून एका हंगामापर्यंत आणता आले. म्हणजे स्पेंट वॉश टँकरने आणून त्या खाणीत ओतले जात होते. किती टँकर रिकामे झाले, हे मला सांगता आले नाही आणि अहवालात मी तसेच लिहिले.

एका गोष्टीची मला अजून खंत वाटते. गावकऱ्यांनी रात्री टँकर अडवून बाटली भरून ठेवली होती, आणि तिच्यावर सगळ्यांची भिस्त होती. सकाळपर्यंत ती कोणाच्या घरात होती, या एका प्रश्नावर ती निकालात निघाली. सांडपाण्याचा नमुना 1974 च्या जल कायद्याच्या कलम 21 प्रमाणे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्यानेच, नोटीस देऊन, दोन भागांत, सीलबंद आणि सहीनिशी घ्यावा लागतो. हरित न्यायाधिकरणाला पुराव्याच्या कायद्याचे नियम बंधनकारक नसले, तरी बेवारस बाटलीवर कोणी निकाल देत नाही. 1996 मध्ये राजस्थानातल्या बिछडी गावाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषण करणाऱ्यानेच खर्च भरावा हे तत्त्व ठामपणे लावले, त्यामागेही नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेचे शास्त्रीय अहवाल होते.

म्हणून आपल्याला सांगतो, कारखान्याचे नाव अर्जात घालण्याआधी आपल्या आणि आजूबाजूच्या दोन-तीन विहिरींची पातळी मोटार लावण्यापूर्वी रोज मोजा आणि तारीख-वेळेसह वहीत लिहा. मोजताना शेजाऱ्याला सोबत घ्या आणि त्याची सही घ्या. मंडळाकडे लेखी तक्रार देऊन पोच जपून ठेवा. आणि पहिला पाऊस पडण्याआधी नमुने घेतले जातील असे पाहा, कारण जूननंतर विहीर भरते, रंग विरतो आणि पुढच्या हंगामापर्यंत दाखवायला काही उरत नाही.