सतरा अंकी संख्या आणि शेवटची दोन शून्यं

प्रश्न : सातवीतल्या नातवाने १२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या कम्प्युटरच्या तक्त्यात भरली, तर शेवटी ३२१ ऐवजी ३०० उमटलं. तो म्हणतो, हिला १०० ने भाग जातो. मला ती मूळ संख्या वाटते. खरं काय? – एक आजोबा, कोथरूड

उत्तर : आजोबा, दोन्ही नाही. तक्त्याचे असे प्रोग्राम बहुधा पंधराच अंक जपतात, पुढे शून्यं भरतात. ती दोन शून्यं संख्येची नव्हेत. एवढ्या मोठ्या संख्येला कागद-पेन्सिलच हवी, हे मी वर्गात वर्षानुवर्षं सांगत आले.

आता मूळ आहे का ते पाहू. अंकांची बेरीज करा, ८१ येते. म्हणजे ९ ने भाग जाणारच. पण इथे ८१ नेही नि:शेष भाग जातो, आणि हे काही बेरजेच्या नियमात बसत नाही, करूनच पाहावं लागतं. भागाकार येतो १५२४१५७८९९७१०४१. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या अशा संख्यांना द. रा. कापरेकरांनी 'हर्षद' म्हटलं. आपल्या फर्ग्युसनचे विद्यार्थी, पुढे देवळालीला शाळामास्तर. १, १२१, १२३२१ या तुमच्या संख्येच्या घराण्याचाही त्यांनी 'डेम्लो संख्या' म्हणून अभ्यास केला. पुण्यातल्या मुलांना त्यांचं नाव शाळेतच कळायला हवं, असं मला फार वाटतं.

खरी गंमत पुढे आहे. ही संख्या म्हणजे १११११११११ चा वर्ग. नातवाला चौकटीच्या वहीत उभा गुणाकार मांडायला सांगा. नऊ एकांची ओळ नऊ वेळा लिहायची, दर वेळी एक घर डावीकडे सरकवून. उजवीकडच्या पहिल्या रकान्यात एकच १, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन. मधल्या रकान्यात नऊ, आणि मग पुन्हा एकेक कमी. कुठेच हातचा येत नाही, म्हणून अंक असे शिस्तीत चढतात-उतरतात. दहा एक घेतले की मधल्या रकान्यात दहा होतात, हातचा येतो आणि शिस्त मोडते : १२३४५६७९००९८७६५४३२१. हा गुणाकार त्याला स्वतः करू द्या, उत्तर आधी दाखवू नका.

अवयव पाडायचे तर १११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७. वर्गात प्रत्येक अवयव दुप्पट वेळा येतो. म्हणजे ३ चार वेळा, बाकीचे दोन-दोनदा. म्हणून एकूण विभाजक ५ × ३ × ३ = ४५. पूर्ण वर्गाच्या विभाजकांची संख्या नेहमी विषमच येते. का, ते ३६ चे विभाजक जोडीजोडीने लिहिले की नातवाला आपोआप दिसेल.

३३३६६७ ही मूळ संख्या आहे. पण मी म्हणते म्हणून त्याने मानू नये. ५७७ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं की पुरे, त्यापुढे जायची गरज नाही.