वाचकांचे प्रश्न : पटावरचा टी-३४ किती बलवान मानावा?

प्रश्न : माझा भाचा सुट्टीत घरी आला की आम्ही पटावरचे युद्धखेळ मांडतो. १९७० सालच्या ‘पॅन्झरब्लिट्झ’मध्ये टी-३४ या दुसऱ्या महायुद्धातील सोव्हिएत रणगाड्याची सोंगटी जर्मन सोंगट्यांपुढे चांगलीच भारी दिसते. १९८५ साली आलेल्या ‘ॲडव्हान्स्ड स्क्वॉड लीडर’मध्ये मात्र त्याच रणगाड्याला सोबत्याला सोडून एकट्याने हलायचे म्हटले तरी फाशांची कसोटी द्यावी लागते. एकाच रणगाड्याची ही दोन मोजमापे कशी, आणि खरे कोणते धरावे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : या दोन खेळांनी टी-३४ च्या वेगवेगळ्या बाजू मोजल्या आहेत आणि दोन्ही बाजू खऱ्या आहेत. कागदावर मोजता येण्याजोगी बाजू आधी पाहू. १९४१ च्या टी-३४ च्या पुढच्या भागाचे पोलाद ४५ मिलिमीटर जाड होते. परंतु ते उभ्या रेषेपासून ६० अंश कललेले असल्यामुळे समोरून आडव्या येणाऱ्या गोळ्याला प्रत्यक्षात ९० मिलिमीटर पोलादातून वाट काढावी लागे. तोफ ७६.२ मिलिमीटरची, डिझेल इंजिन सुमारे ५०० अश्वशक्तीचे आणि पट्टे रुंद, त्यामुळे चिखलातही चाल चांगली. त्या वर्षी जर्मन पायदळाची नेहमीची रणगाडाविरोधी तोफ ३७ मिलिमीटरची होती आणि समोरून तिचा काहीच उपयोग होत नव्हता. हल्ला, पल्ला, बचाव आणि चाल हे चारच आकडे सोंगटीवर छापायचे ठरवले, तर टी-३४ वरचढ ठरणारच.

पण रणगाड्याच्या आत बसून पाहिले की चित्र पालटते. सुरुवातीच्या टी-३४ च्या बुरुजात, म्हणजे तोफ बसवलेल्या वरच्या फिरत्या भागात, दोनच माणसे मावत. रणगाड्याचा प्रमुख स्वतःच तोफ डागत असे. म्हणजे नेम धरण्यासाठी डोळा दुर्बिणीला लावला की आजूबाजूला काय चालले आहे हे पाहायला कोणी उरत नसे. वरचे एकच मोठे झाकण पुढच्या बाजूला उघडत असल्यामुळे ते उघडून डोके बाहेर काढले तरी समोरचा देखावा झाकला जाई. रेडिओ बहुधा तुकडीप्रमुखांच्या रणगाड्यांतच असत. बाकीच्यांनी प्रमुखाकडे पाहून त्याचे अनुकरण करायचे. जर्मन पॅन्झर-३ चे चिलखत आणि तोफ कमजोर असली तरी त्याच्या बुरुजात तीन माणसे होती, त्यामुळे प्रमुखाला फक्त पाहण्याचे आणि हुकूम देण्याचे काम उरे. सोव्हिएत तज्ज्ञांना हा फरक ठाऊक नव्हता असे नाही. युद्धापूर्वीच त्यांनी जर्मनीकडून पॅन्झर-३ मिळवून त्याची चाचणी घेतली होती आणि हे गुण नोंदवले होते. तीन माणसांचा बुरूज टी-३४ ला मिळाला तो मात्र १९४४ मध्ये, ८५ मिलिमीटर तोफेच्या आवृत्तीबरोबर.

आपल्या दुसऱ्या खेळातील बंधन याच उणिवेतून आले आहे. रेडिओ नसलेल्या रणगाड्यांनी शेजारी-शेजारी राहूनच हलावे आणि एकट्याने हलायचे असेल तर कसोटी द्यावी, हा नियम पोलादाचा नसून संपर्काचा आहे. तो खेळायला कंटाळवाणा वाटतो हे मला मान्य आहे. तरीही माझ्या मते १९४१ चा टी-३४ त्याच्याशिवाय समजतच नाही.

आता ‘पॅन्झरब्लिट्झ’कडे पुन्हा पाहावे. त्यात जर्मन सोंगटी एका प्लॅटूनची, तर सोव्हिएत सोंगटी एका कंपनीची आहे. म्हणजे जर्मन खेळाडू चार-पाच रणगाड्यांना स्वतंत्रपणे वळवू शकतो, तर सोव्हिएत खेळाडूला दहा रणगाडे पटावरच्या एकाच षट्कोनी घरात, एकाच दिशेने न्यावे लागतात आणि त्यांचा मारा एकाच लक्ष्यावर करावा लागतो. सोव्हिएत नियंत्रणाच्या मर्यादेला इथे वेगळा आकडा दिलेला नाही. ती सोंगटीच्या आकारमानातच मुरलेली आहे. म्हणून दोन्ही बाजूंच्या सोंगट्या शेजारी ठेवून त्यांच्या आकड्यांची थेट तुलना करू नये.

एक गोष्ट मात्र बहुतेक छोट्या लढायांच्या खेळांत निसटते, ती म्हणजे वाटेत बंद पडणे. १९४१ च्या जूनमध्ये सोव्हिएत यांत्रिक दलांचे असंख्य रणगाडे शत्रूची गाठ पडण्यापूर्वीच लांबच्या कूचेत निकामी झाले. १९४२ मध्ये अमेरिकेतील ॲबरडीन येथे चाचणीसाठी पाठवलेल्या टी-३४ मधील हवा गाळण्याच्या यंत्रणेवर आणि गिअरपेटीवर कडक टीका झाली. अर्ध्या तासाची चकमक दाखवणाऱ्या खेळात हा दोष दिसण्याचे कारण नाही. त्याची जागा लढाईच्या आरंभी किती रणगाडे हाती आहेत या आकड्यात असायला हवी.

प्रश्न : टी-३४ च्या त्याच ७६ मिलिमीटर तोफेचे भेदनाचे, म्हणजे किती जाड चिलखत फोडता येते याचे, आकडे वेगवेगळ्या खेळांत का जुळत नाहीत? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : मूळ चाचण्याच सारख्या नव्हत्या. कोणी उभ्या प्लेटवर गोळे झाडले, तर कोणी ३० अंश कललेल्या प्लेटवर. अमेरिकन पद्धतीत निम्मे गोळे आरपार गेले तरी भेदन मान्य होई; सोव्हिएत पद्धतीची अट त्याहून कडक होती. हे तक्ते एका मापात न आणता जसेच्या तसे घेतले, तर सोव्हिएत तोफेवर अन्याय होतो. शिवाय १९४१ मध्ये चिलखतभेदी ७६ मिलिमीटर गोळ्यांचा तुटवडा होता, त्यामुळे तक्त्यातील आकडा गाठणारा गोळा प्रत्येक रणगाड्यात असेलच असे नव्हते.

प्रश्न : आपल्या सैन्याने १९७१ मध्ये वापरलेल्या पीटी-७६ या हलक्या रणगाड्याला आकड्यांच्या हिशेबात कसे बसवावे? (एक वाचक, अहिल्यानगर)

उत्तर : बचावाचा आकडा अगदी लहान द्यावा, कारण १४ टनांच्या या रणगाड्याचे चिलखत सर्वांत जाड जागीही सुमारे २० मिलिमीटरच होते. इथेही प्रमुखच तोफ डागत असे, म्हणजे जुन्या टी-३४ ची उणीव कायम होती. परंतु हा रणगाडा पाण्यावर तरंगत नदी ओलांडू शकतो. पूर्व बंगालसारख्या नद्यांच्या मुलखाच्या नकाशावर, पुलाशिवाय नदीचा षट्कोन पार करण्याची मुभा दोन-तीन जास्तीच्या बचावगुणांपेक्षा मोलाची ठरते. २१ नोव्हेंबर १९७१ रोजी पूर्व बंगालमधील गरीबपूरला भारताच्या ४५ कॅव्हलरी या रेजिमेंटच्या पीटी-७६ रणगाड्यांनी पाकिस्तानच्या एम-२४ चॅफी रणगाड्यांची दाणादाण उडवली. त्या लढाईत मेजर दलजितसिंग नारग यांना वीरमरण आले. ही लढाई पटावर मांडताना त्या विजयाच्या जोरावर पीटी-७६ चे आकडे वाढवण्याचा मोह टाळावा. भारतीय तुकडी आधीच मोर्चे धरून बसली होती, दाट धुक्यामुळे अंतर अगदी कमी झाले होते आणि इतक्या जवळून दोन्ही बाजूंच्या तोफा समोरच्याचे चिलखत सहज भेदू शकत होत्या. पहिला गोळा कोण डागतो यावर सारे अवलंबून असल्यामुळे नियमांत झुकते माप द्यायचे तर ते मोर्चे धरून वाट पाहणाऱ्या तुकडीला द्यावे.