एजंट 90 हजार मागतोय, व्हिजिट व्हिसावर दुबईला वेल्डिंगच्या कामाला जाऊ का?

भावा, तू लिहिलंयस नववी झालीय, वेल्डिंग चांगलं येतं, चिपळूणचा एजंट म्हणतोय आधी व्हिजिट व्हिसावर जा, कंपनी तिकडे गेल्यावर व्हिसा लावेल. असा जाऊ नकोस. दुबईलाच जाऊ नको असं नाही म्हणत, मी शारजात नऊ वर्ष काढलीत, गावचं घर त्याच पैशावर उभं राहिलंय, पण असा नको.

व्हिजिट व्हिसावर काम करणं तिकडे बेकायदा आहे. उद्या कंपनीने व्हिसा लावलाच नाही, पगार दिला नाही तर तू कुणाकडे जाणार, तुझं नाव कुठल्या कागदावरच नाही. आणि दहावी नाही म्हणजे पासपोर्ट ईसीआरवाला (परदेशी नोकरीआधी तपासणी लागणारा) असणार, त्यावर गल्फला नोकरीला जायचं तर आपल्या सरकारचा एमिग्रेशन क्लिअरन्स, म्हणजे जायची परवानगी, लागतो, तो टाळायलाच हा व्हिजिट व्हिसाचा मार्ग काढतात. क्लिअरन्सबरोबर प्रवासी भारतीय विमा होतो, दोन वर्षांचे 275 रुपये फक्त, आणि अपघातात माणूस गेला किंवा कायमचं अपंगत्व आलं तर 10 लाख. तुझं काम उंचीवरचं आणि आगीचं, घरच्यांसाठी तरी हे सोडू नको.

एजंटचं नाव आणि लायसन्स नंबर ई-मायग्रेट या सरकारी साइटवर टाकून बघ. मुंबईच्या ऑफिसचा माणूस आहे म्हणाला तरी थांब, सब-एजंट ठेवायची परवानगीच नाहीये. लायसन्सवाल्याला फी जास्तीत जास्त 30 हजार आणि वर जीएसटी, म्हणजे 35,400, ते पण बँकेतून आणि पावती घेऊन. 90 हजार कसले? आईचे दागिने ठेवून तर अजिबात देऊ नको, मी ठेवले होते, सोडवायला दीड वर्ष गेलं.

आता ऑफर लेटर. सगळे एकूण पगार बघतात, तू बेसिक, म्हणजे मूळ पगार, बघ. माझा पगार 1400 दिरहम होता पण बेसिक फक्त 600, बाकी अलाउन्स, आणि मला वाटलं काय फरक पडतो. ओव्हरटाइम बेसिकवर धरतात, ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी रक्कम, ती पण बेसिकवर, पहिली पाच वर्ष दर वर्षाला 21 दिवसांच्या बेसिकएवढी, म्हणजे मला वर्षाचे 420 दिरहम. तेच बेसिक 1000 असतं तर 700 झाले असते. लेटर हिंदीतही मिळतं, मागून घे, इंग्लिश कळत नाही म्हणून नुसती सही करू नको. रूम, जेवण, जायचं-यायचं तिकीट कोण देणार ते त्यात लिहिलेलं पाहिजे, फोनवर सांगितलेलं कुणी मानत नाही.

पासपोर्ट स्वतःजवळ ठेव. कंपनीने ठेवून घेणं तिकडच्या कायद्यातही चालत नाही, तरी ठेवतात. आमच्या ऑफिसने ठेवला होता, वडील गेले तेव्हा तो हातात यायला चार दिवस लागले आणि मी पोचलो तोवर सगळं आटपलं होतं. त्यामुळे हे मी फार कळवळून सांगतोय.

पासपोर्ट, व्हिसा, लेटर सगळ्याचे फोटो घरी व्हॉट्सअपवर पाठवून ठेव. दोन महिने पुरतील एवढे पैसे बरोबर ने, पहिला पगार उशिरा येतो. आणि लेटर हातात आलं की नाव-नंबर झाकून इथे टाक, बेसिक आणि ड्युटीचे तास मी बघून सांगतो, तोवर एजंटला एक रुपया देऊ नको.